जुन्या कॉम्प्युटरला नवी एसएसडी लावली, तरी तो सुरू का होत नाही?

नागपुरातलं सदर म्हटलं की रेसिडेन्सी रोडची दुकानं आठवतात. पण शेजारीच सिव्हिल लाइन्स आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, हायकोर्टाचं खंडपीठ, विधान भवन सगळं तिथेच. आता सरकारी कचेऱ्या जवळ म्हटल्यावर टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, जीएसटी ही कामं आसपास ओघानं येतातच. अशा कामाचा कॉम्प्युटर अनेकदा दहा-बारा वर्षांचा असतो. त्यात श्रीलिपी बसवलेली असते, टॅलीचे जुने हिशेब असतात, प्रतिज्ञापत्रांचे तयार नमुने असतात. म्हणून मालक तो बदलत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतंय असंही नाही.

अडचण एवढीच, की सकाळी बटण दाबल्यावर तो कामाला लागेपर्यंत समोरच्या माणसाचा चहा पिऊन होतो.

यावरचा सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावणं. पण सध्या हा इलाज जरा जपून करावा लागतोय. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप प्रचंड प्रमाणात लागतायत, त्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून एसएसडी आणि रॅम दोन्ही महागले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना माल विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे चुकीची एसएसडी घरी आणली, तर फटका पूर्वीपेक्षा मोठा.

आणि चुकीची एसएसडी घेणं फार सोपं आहे. दुकानात मिळणाऱ्या एसएसडी ढोबळमानाने दोन जातींच्या. एक साटा, जी हार्ड डिस्कच्याच केबलला लागते. दुसरी एनव्हीएमई, च्युइंगगमच्या पट्टीसारखी, थेट मदरबोर्डवर बसणारी. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबी. एनव्हीएमईचा साडेतीन हजार, नव्या पिढीत सात हजार आणि त्याहून जास्त. आकडे बघून माणूस दुसरीकडेच हात घालणार.

घोळ इथे होतो. कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज नंतर येतं, त्याआधी मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो. विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते शोधून तिला हाक मारणं हे त्याचं काम. एनव्हीएमईचं पहिलं प्रमाणपत्रक आलं २०११ मध्ये, आणि घरगुती मदरबोर्डांत ते रुळायला आणखी काही वर्षं गेली. त्याआधीच्या बायोसला ही भाषाच येत नाही. साध्या अडॅप्टर कार्डावर बसवून तुम्ही ती पट्टी पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत लावली, तर विंडोज १० सुरू झाल्यावर ती दिसेल, फाइलीही साठवता येतील. पण तिच्यावरून विंडोज सुरू करायचं म्हटलं, की बायोस हात वर करतो.

यावर जुगाड आहे. क्लोव्हरसारखा छोटा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकायचा, बायोसने आधी तो उघडायचा आणि त्याने एनव्हीएमईला हाक मारायची. घरी, हौसेने करायला छान आहे. पण दुकानात कुणीतरी प्रिंट काढायला तो पेन ड्राइव्ह उपसणार, हे लिहून ठेवा.

दुसरा सापळा लॅपटॉपवाल्यांसाठी. पट्टी बसणारी खाच, म्हणजे एम.२, हा फक्त आकार आहे. २०१४ ते २०१७ च्या सुमाराच्या काही लॅपटॉपांत ही खाच असते, पण ती फक्त साटा पट्टी ओळखते. एनव्हीएमई पट्टी त्यात बसू शकते, पण चालत नाही. सोनेरी टोकाला दोन कापे असतील तर पट्टी बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. ‘बहुधा’ म्हणतोय, कारण अपवाद आहेत. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. डेस्कटॉप असेल तर विंडोजमधल्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये मदरबोर्डचं नाव मिळतं. तिथेच ‘बायोस मोड’पुढे ‘लेगसी’ लिहिलं असेल, तर विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेलं आहे. एनव्हीएमईच्या वाटेला जाण्याआधी दहादा विचार करा.

मग साटा घेतली तर काही गमावतोय का? रोजच्या कामात जवळजवळ काहीच नाही. हार्ड डिस्कमध्ये सुई फिरत्या तबकडीवर जागा शोधत हिंडते. अशा विखुरलेल्या जागा ती सेकंदाला जेमतेम शंभरेक गाठते. एसएसडी, अगदी साधी साटासुद्धा, हजारो. कॉम्प्युटर झटपट वाटतो तो या फरकामुळे. ५५० आणि ३,५०० मधला फरक मोठे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला जाणवेल. शिवाय एनव्हीएमई जास्त तापते, आणि फार तापली की स्वतःच वेग कमी करते. मे महिन्यात पारा ४५ पार जाणाऱ्या गावात, धूळ भरलेल्या कॅबिनेटमध्ये, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

बसवताना एकच काळजी: बायोसमध्ये साटाचा मोड ‘आयडीई’ असेल तर विंडोज नव्याने टाकण्याआधी तो ‘एएचसीआय’ करा. विंडोज टाकून झाल्यावर बदलला तर निळी स्क्रीन येऊ शकते.

आता जी गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही ती. एसएसडीने कॉम्प्युटर वेगवान होतो, पण विंडोज ११ ला पात्र होत नाही. त्याला टीपीएम २.० आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत जाहीर केली. व्यवसायांसाठी वेगळी योजना आहे: पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. ब्राउझर आणि ईमेलपुरताच वापर असेल तर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स त्याच एसएसडीवर फुकट चालेल. श्रीलिपीत वर्षानुवर्षं टाइप केलेल्या कागदांचा प्रश्न मात्र तिथे उभा राहतो.

म्हणून २०१७ आधीचा कॉम्प्युटर असेल, तर माझ्या मते २५६ किंवा ५१२ जीबीची साधी साटा एसएसडी घ्यावी आणि त्यावर थांबावं. रॅम, ग्राफिक्स कार्ड असा खर्च त्या खोक्यात ओतू नये. पुढे कॉम्प्युटर बदलला तरी साटा एसएसडी काढून नव्या डेस्कटॉपला लावता येते. आणि जुनी हार्ड डिस्क लगेच भंगारात देऊ नका. यूएसबीच्या डबीत घालून टॅलीच्या बॅकअपला ठेवा. कपाटात महिनोन्‌महिने विजेविना पडून राहायला एसएसडीपेक्षा तीच बरी.