गोलकीपरचा सब्र

गुरप्रीतसिंग संधू 2014 मध्ये कोलकात्याचा ईस्ट बंगाल सोडून नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. तिथे लीगचा पहिला सामना मिळायला 2016 उजाडले. तोवर रोजचा सराव आणि राखीव खेळाडूंचा बाक. गोलकीपरची जागा एकच असते ना! त्याच वर्षी तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उतरला. असा तो पहिला भारतीय.

‘सब्र’ म्हणजे हात बांधून बसणे, असे आपण उगीच समजतो. रोजात दिवसभराची कामे कुठे थांबतात? बीडमध्ये सहरी आटोपून पोलीस भरतीसाठी धावणारी मुले मी पाहतो. रोजा नसलेले मित्रही सोबत असतात. घरी त्यांना एकच प्रश्न, ‘अजून किती वर्षे?’ यंदा तो विचारू नका. इफ्तारला हाक मारा, खजूर पुढे करा.