सोबत कोण?

कोल्हापुरात कुणी परदेशी निघालं की गल्लीतून दोन प्रश्न येतात. पहिला ‘कुठं?’ हा. त्याच्या उत्तराकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. खरा प्रश्न दुसरा: ‘सोबत कोण?’ मग तुम्ही फ्रान्स म्हणा नाहीतर फोंडा म्हणा, ‘कुणी नाही, एकटीच’ एवढं ऐकलं की शेजारीण निवडत असलेली मेथी खाली ठेवते.

समजा, शाहूपुरीतली पंचावन्न वर्षांची एक बाई आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मुलगी पुण्यात, नवऱ्याचे गुडघे दुखरे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहरात, आठ दिवस एकटीनं राहायचं तिनं ठरवलं. व्हिसासाठी पुणे किंवा मुंबई गाठून बोटांचे ठसे द्यावे लागतात, 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो, राहण्याची सोय आणि परतीचं तिकीट दाखवावं लागतं. ही सगळी कागदपत्रं आणि खटपट एका महिन्यात होते. गल्लीची समजूत घालायला त्याहून जास्त वेळ लागतो. ही बाई कल्पनेतली आहे. तिला तिथं जे दिसेल ते मात्र खरं आहे, आणि म्हणूनच तिनं एकटीनं जावं.

मराठी टूर कंपन्यांनी आपल्या मध्यमवर्गाला जग दाखवलं, ही लहान गोष्ट नाही. इंग्रजी बोलायला बिचकणारे हजारो लोक त्यांच्यामुळे आल्प्सवर बर्फ उडवून आले, आणि संध्याकाळी वरण-भात जेवले. त्यात हसण्यासारखं काही नाही. अडचण वेगळीच आहे. चाळीस जणांच्या बसमध्ये काय बघायचं ते आधी ठरलेलं असतं, बघून झाल्यावर काय म्हणायचं तेही शेजारच्या सीटवरून ऐकू येतं. नव्या गावात माणसाचे डोळे जेमतेम आठवडाभर ताजे राहतात. तेवढे दिवसही ‘अय्या, किती स्वच्छ!’ या एका वाक्यावर खर्ची पडतात.

या बाबतीत कोल्हापूरचा जुना दाखला आहे. 1870 साली छत्रपती राजाराम महाराज युरोपला गेले, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. एकटे नव्हते. कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी आणि सेवकांचा लवाजमा बरोबर होता. रोजनिशी मात्र त्यांची स्वतःची, इंग्रजीत लिहिलेली. आज कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय पाहिलं. वाङ्मय म्हणून तिच्यात फार काही शोधू नये, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर तिच्यात आहे. परतीच्या वाटेवर, फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं असताना, 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. आर्नो नदीच्या काठी हिंदू रीतीनं दहन झालं, आणि 1872 मध्ये वेस्टनं ती रोजनिशी लंडनमध्ये छापून घेतली. दहनाच्या जागी 1874 मध्ये छत्री उभी राहिली, तिचा आराखडा चार्ल्स मँटचा. आपला टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस यांचाही वास्तुकार तोच. फ्लोरेन्समधल्या तिथल्या पुलाला आजही ‘इंडियानो’चा पूल म्हणतात. तो ‘इंडियानो’ म्हणजे करवीरचा राजा. टाऊन हॉलच्या बागेत शेंगा खात बसणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

फ्रेंच किनाऱ्याशी भारतीय माणसाची पहिली ओळख बोटीच्या काळात बहुधा मार्सेय बंदरात होई. बिस्केच्या उपसागराचे हेलकावे चुकवायला विलायतेचे बरेच उतारू तिथं उतरून पुढची वाट रेल्वेनं कापत. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी 11 सप्टेंबर 1931 रोजी इथंच उतरले. सावरकरांना या किनाऱ्यानं मोजकी मिनिटं दिली. 8 जुलै 1910 रोजी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारून त्यांनी धक्का गाठला, पण फ्रेंच पोलिसानं पकडून त्यांना परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं. तो वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. ज्या मॅझिनीचं चरित्र सावरकरांनी मराठीत आणलं, त्यानं ‘यंग इटली’ 1831 मध्ये याच शहरात स्थापन केली होती. आजच्या प्रवाशाला पोलीस अडवत नाहीत, फार तर गल्ली अडवते.

तर ती बाई नीसला पोचते, आणि पहिला धक्का बसतो तो तळपायांना. तिच्या डोक्यातला समुद्र तारकर्लीचा, मऊ वाळूचा. इथं वाळू नाहीच, मुठीएवढे गोल गोटे आहेत. कोल्हापुरी चप्पल घालून त्यांच्यावर चालणं म्हणजे कसरत. दुसरी गोष्ट ध्यानात यायला दोन दिवस जातात: पाणी मागे जातच नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी अगदी नावापुरती, काही सेंटीमीटरची. ओहोटीला दूर सरकलेला दर्या आणि ओल्या वाळूत शिंपल्या वेचणारी माणसं बघत वाढलेल्यांना हा समुद्र जागेवर खिळल्यासारखा वाटतो. (फ्रान्सच्या उत्तरेला, ब्रिटनीतल्या सँ-मालोला गेलं तर उलट तऱ्हा. तिथली भरती युरोपातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी, बारा-तेरा मीटरपर्यंत चढणारी. एका देशाला समुद्राचे दोन स्वभाव.) किनाऱ्यालगतच्या सात किलोमीटरच्या रस्त्यावर निळ्या खुर्च्या मांडलेल्या असतात. माणसं त्यांवर बसून काहीही न करता पाण्याकडे बघतात. रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळ काढणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. चुकल्यासारखी वाटते ती फक्त भेळ.

जुन्या नीसच्या बोळात तिला काय दिसेल? टूरच्या बसमधल्या कुणालाही न दिसणारी एक गोष्ट: रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. एक फ्रेंच, दुसरी नीसची स्थानिक बोली. हे शहर फ्रान्सकडे कायमचं आलं ते 1860 मध्ये, त्याआधी सार्डिनियाच्या राज्यात होतं. इटली एक करायला निघालेला गॅरिबाल्डी इथंच जन्मला, आणि आपलं गाव फ्रान्सला देऊन टाकलं याचा राग त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. कागलच्या पुढे निपाणी लागताच पाट्यांची लिपी बदलते हे लहानपणापासून पाहिलेल्या, बेळगावात मामाचं घर असलेल्या बाईचे पाय त्या पाटीखाली थबकणारच. पॅरिसहून आलेला फ्रेंच माणूस तिच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे जाईल. पहिल्या नजरेची किंमत ही एवढी. तुम्ही काय पाहता ते तुम्ही कुठून आलात यावर ठरतं, आणि बाजूला गाईड बोलत असेल तर तुम्ही कुठून आलात हेच विसरायला होतं.

पोटाची काळजी आपण उगाच करतो. शाकाहारी माणूस फ्रान्समध्ये उपाशी राहतो ही समजूत नीसमध्ये पहिल्या सकाळीच मोडते, कारण तिथं रस्त्यावर ‘सोका’ मिळतो. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल. परातीएवढ्या तांब्याच्या भांड्यात पातळ पसरून लाकडाच्या भट्टीत भाजायचा, वर मिरपूड टाकून कागदात द्यायचा. म्हणजे आपला बेसनाचा पोळा, मिरची-कोथिंबीर न घातलेला.

मांसाहारी कोल्हापूरकराला शिकायचं असेल तर त्यानं मार्सेयला जाऊन बुयाबेस मागवावं. कोळ्यांचं हे कालवण तिथं दोन भांड्यांत येतं: रस्सा वेगळा, मासे वेगळे. शिवाय लसूण, लाल मिरची आणि केशर घातलेली चटणी पावाला लावून खायला. तांबडा, पांढरा आणि सुकं यांच्या वेगळ्या वाट्या मांडणाऱ्या गावाला ही रीत परकी नाही. पण मार्सेयच्या हॉटेलवाल्यांनी 1980 मध्ये एकत्र बसून बुयाबेसचा जाहीरनामाच केला. त्यात कोणते मासे असावेत, किमान किती जातींचे असावेत, ते पानात कसे वाढावेत, सगळं लिहून ठेवलं. कारण पर्यटकांच्या गर्दीत कुठलंही पिवळं पाणी बुयाबेस म्हणून खपू लागलं होतं. आपल्याकडे महामार्गावरच्या प्रत्येक धाब्यावर ‘कोल्हापुरी’ म्हणजे लाल रंग आणि जाळ असं झालं आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, चपलेला मिळालं. तांबड्या रश्श्याबद्दल मात्र आपल्या खानावळवाल्यांनी चार ओळी एकत्र बसून लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खानावळीवरून आठवलं. आपल्याकडे एकटा पुरुष खानावळीत येऊन निवांत दोन वाट्या रस्सा ओरपून जातो, कुणी बघत नाही. एकटी बाई आली की वेटरचा हात आपोआप ‘फॅमिली रूम’च्या दाराकडे जातो. फॅमिली नसली तरी. नीसमध्ये पदपथावरच्या टेबलाशी एकटी बसून जेवणारी साठीची बाई हे रोजचं दृश्य आहे. नियम वेगळेच आहेत: दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हटलं नाही तर ते उद्धटपणात जमा होतं, आणि दुपारचे दोन वाजून गेले की बहुतेक स्वयंपाकघरं सात-साडेसातपर्यंत बंद. तीनला भूक लागलेली कोल्हापूरची बाई पहिल्या दिवशी बेकरीतल्या पावावर निभावते. दुसऱ्या दिवशी ती बाराला जेवते.

पण आठ दिवसांतला सर्वांत मोठा धडा पायवाटेचा.

नीसहून माँतोंकडे जाणारी लोकल गाडी समुद्राला चिकटून धावते आणि वाटेत मोनॅको नावाचा अख्खा देश पार करते. या पट्ट्यात अब्जाधीशांचे बंगले आहेत. त्यांच्या भिंती पाण्यात उतरतील असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. बंगला आणि समुद्र यांच्यामधून पायवाट जाते आणि तिच्यावरून कुणीही चालू शकतं. या वाटा मुळात जकातीच्या शिपायांच्या, चोरट्या मालावर नजर ठेवण्यासाठी तुडवलेल्या. 1976 च्या अखेरीस फ्रान्सनं कायदा केला की किनाऱ्यालगतच्या खासगी जमिनीतूनही तीन मीटर रुंदीची वाट चालणाऱ्यांना मोकळी राहील. 1986 च्या किनारा कायद्यानं वस्तीबाहेर किनाऱ्यापासून 100 मीटरमध्ये नवं बांधकाम थांबवलं. तोवर या भागात सिमेंट भरपूर ओतून झालं होतं, हेही खरं. फ्रेंच लोक त्याबद्दल अजून हळहळतात. काप मार्तांच्या वाटेवर एक लाकडी खोपटं लागतं, जेमतेम 3.66 मीटर लांब-रुंद. ल कोर्ब्युझिएनं ते स्वतःसाठी बांधलं. चंदीगडची आखणी करणारा हा वास्तुकार उन्हाळ्यात या खोपटात राही, आणि 27 ऑगस्ट 1965 रोजी त्याच्यासमोरच्या समुद्रात पोहताना गेला.

आपल्या किनाऱ्याला असा हक्क कागदावर फारसा नाही. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेनं ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर मोकळे राखले होते. 2019 च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांत ते 50 मीटरवर आणले. इंच मोजण्याचे वाद आपण खूप घालतो, पण चालणाऱ्याच्या वाटेचा विषय त्यात निघत नाही. वाळू सगळ्यांची, पण वाळूपर्यंत नेणारी पाणंद अनेक ठिकाणी कुणाच्या तरी रिसॉर्टच्या कुंपणाशी संपते. जुलैच्या चिखलातून पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणाऱ्या कोल्हापूरकरांनी वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत समुद्राकाठची सलग वाट मागायला काय हरकत आहे? करूळ किंवा फोंडा घाट उतरला की किनारा आपलाच आहे. दर सुट्टीला तिथं गाड्यांची रांग लावणारेही आपणच.

एकटीनं फिरून लिहिणाऱ्या मराठी बाईचं नाव कुणी विचारलं तर मीना प्रभूंचं घ्यावं. लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या बाई दक्षिण अमेरिका, मेक्सिको, तुर्कस्तान, इराण असे मुलूख पालथे घालून त्यावर जाडजूड पुस्तकं लिहीत राहिल्या. त्या 2025 च्या मार्चमध्ये गेल्या. त्यांची पुस्तकं वाचून पिशव्या भरणाऱ्या बायका कोल्हापुरातही कमी नाहीत, पण त्यातल्या बऱ्याच जणी शेवटी बसच्या यादीत नाव देतात.

करवीर नगर वाचन मंदिर 1850 साली सुरू झालं, राजाराम महाराजांच्या जन्माच्याच वर्षी. तिथं महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवता येईल. नुकत्याच एकट्यानं कुठं तरी जाऊन आलेल्या एकानं किंवा एकीनं यावं. गाव नीस असो वा निवती. पडदा नको, फोटो नकोत, तिकिटांचे दर नकोत. पहिल्या आठवड्यात वहीत लिहिलेली दहा पानं वाचायची. ऐकणाऱ्यांनी काहीही विचारावं, फक्त सोबत कोण होतं ते सोडून. मग चहा.