डोंगल कॅबिनेटमागे लपवू नका

लॅमिंग्टन रोडवरून कंपनीत वापरून झालेला डेस्कटॉप घरी आणला की पहिला हिरमोड होतो तो वायफायवरून. प्रोसेसर बरा, रॅम पुरेशी, एसएसडी नवी टाकून दिलेली; पण पडद्याच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नाही. असणार कुठून? कार्यालयात टेबलाटेबलापाशी नेटवर्कची वायर आलेली असते, त्यामुळे अशा बहुतेक मशीनमध्ये वायफाय घातलेलंच नसतं. मग दुकानदाराला फोन जातो. तो म्हणतो, ‘‘काही नाही हो, छोटा डोंगल लावून टाका. दिसणारपण नाही.’’

माझं भांडण त्या शेवटच्या वाक्याशी आहे. बोटाच्या पेराएवढा डोंगल लॅपटॉपसाठी सोयीचा; पोर्टात खुपसला की बाहेर फारसा डोकावत नाही, बॅगेत अडकून मोडत नाही. डेस्कटॉप कुठल्या बॅगेत जाणार आहे? आणि रेडिओच्या दुनियेत लहान असण्याची किंमत मोजावी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे तीनेक सेंटिमीटरचा अँटेना मिळाला तर काम नीट होतं. हा डोंगलच सगळा मिळून दोन सेंटिमीटरचा, त्यातला निम्मा पोर्टाच्या आत. अँटेना बिचारा सर्किटवर दुमडून बसवलेला. चालतो, पण जेमतेम.

त्यात आपण तो लावतो कुठे, तेही बघा. टेबलाखाली भिंतीला टेकवलेल्या कॅबिनेटच्या पाठीमागे. एका अंगाला पत्रा, दुसऱ्या अंगाला भिंत, मध्ये वायरींचं जंजाळ आणि दिवाळीपासून साचलेली धूळ. राउटर बाहेरच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर. वाटेत लोखंडी कपाट उभं असेल तर विचारायलाच नको. शिवाय डोंगलच्या शेजारच्याच निळ्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क असते. तो निळा पोर्ट यूएसबी ३ चा. त्यावरून माहिती धावू लागली की जो रेडिओ गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये टिपण काढून हे सांगितलेलं आहे. म्हणजे बॅकअप सुरू झाला की नेट रडतं, बॅकअप संपला की हसतं, आणि आपण फायबरवाल्याच्या नावाने बोटं मोडत बसतो.

यावरचा इलाज इतका स्वस्त आहे की सुचवायला संकोच वाटतो. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणायची, डोंगल टेबलावर काढायचा आणि मॉनिटरच्या माथ्यावर किंवा शेजारच्या फळीवर दुहेरी टेपने चिकटवायचा. ध्यान दिसतं, मान्य. पण नवा राउटर घ्यायच्या आधी एवढं करून बघावं.

खोक्यावरच्या आकड्यांवर मात्र कुणीतरी ग्राहक मंचात जायला हवं. ‘एसी ६००’ लिहिलेला डोंगल सहाशे मेगाबिटचा नसतो. २.४ गिगाहर्ट्झवरचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ यांची बेरीज करून ती वर ढकललेली असते. हा डोंगल एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, तेव्हा ही बेरीज कुणाच्याही उपयोगाची नाही. त्यातले १५० देखील चॅनेल दुप्पट रुंद मिळालं तरच. सोसायटीत शेजारपाजारच्या वीस राउटरांची नावं यादीत दिसत असतील तर ते सहसा मिळत नाही, आणि कमाल आकडा ७२ वर येतो. प्रत्यक्ष हातात पडतं ते याच्याही निम्म्याच्या आसपास. महागडा ‘एसी १३००’ घेऊन तो जुन्या यूएसबी २ पोर्टात लावणारेही आहेत. त्या पोर्टाची मर्यादाच ४८० मेगाबिट; बाकीचे पैसे खोक्याला दिले म्हणायचे.

तरी ५ गिगाहर्ट्झ चालणाराच डोंगल घ्यावा, हे खरं. आपल्याकडे २०१८ मध्ये सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त केला आणि तिथे अजून पुष्कळ मोकळी जागा आहे. भिंतीपुढे मात्र हा पट्टा लवकर मान टाकतो. एका भिंतीपलीकडे चांगला, तिसऱ्या भिंतीपलीकडे नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीचं घर असेल तर दुसरीचाही भरवसा नको.

कॅबिनेट उघडायची तयारी असेल तर डोंगलपेक्षा पीसीआय एक्स्प्रेस कार्ड केव्हाही सरस. मदरबोर्डवरच्या सगळ्यात आखूड खाचेत ते बसतं, आणि मागे दोन-तीन अँटेने फिरकीने लावायचे असतात. घ्यायच्या आधी कॅबिनेटची जाडी बघावी. कंपन्यांतून येणारी पुष्कळ मशीन चपटी असतात, त्यांना अर्ध्या उंचीची पट्टी लागते. ती खोक्यात सुटी दिलेली आहे का, हे दुकानातच खोलून पाहावं. कार्डात ब्लूटूथ असेल तर त्याची वेगळी बारीक वायर मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना जोडावी लागते. ती राहून जाते आणि मग ब्लूटूथ खराब निघालं म्हणून कार्ड परत केलं जातं. अँटेन्याचं टोक राउटरकडे रोखू नये. लहरी त्याच्या अंगाने पसरतात, टोकातून नाही.

पुष्कळ नव्या मदरबोर्डवर वायफाय आयतंच असतं. तिथेही गंमत बघायला मिळते: कॅबिनेटच्या मागे दोन पितळी, आटे पाडलेली टोकं उघडी, आणि त्यांचे अँटेने मदरबोर्डच्या खोक्यात, खोकं माळ्यावर. जोडणाऱ्याने लावले नाहीत, घेणाऱ्याने विचारलं नाही. अँटेन्याशिवायही यादीत आपल्या घरचं नाव दिसतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

आता खरी गोची. विंडोज ११ नव्याने टाकताना मध्येच नेटला जोडा म्हणून अडून बसतं. डोंगलचा ड्रायव्हर नेटवर, आणि नेट डोंगलवर. सोबत आलेली सीडी घालायला मशीनमध्ये सीडी ड्राइव्ह उरलेला नाही. अशा वेळी खिशातला अँड्रॉइड फोन कामी येतो. फोन चार्जिंगच्या केबलने, तीही नुसती चार्ज करणारी नको, माहिती नेणारी हवी, डेस्कटॉपला जोडायचा आणि सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग चालू करायचं. विंडोजला हे बहुधा वायरचं नेटवर्कच वाटतं आणि गाडी पुढे सरकते. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटाही जळत नाही. ड्रायव्हर उतरवून झाला की फोन काढून घ्यायचा. एखाद्याला दिवसातून तासभरच नेट लागत असेल, तर त्याने डोंगल घेऊच नये, असं मी सरळ सांगेन.

एवढं सगळं सांगूनही माझं मत वायरच्याच बाजूचं आहे. वायरच्या जाळ्यांना धडा दिला तो वायरलेसनेच. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटांमधले संगणक रेडिओने जोडले. त्या अलोहानेटचा अभ्यास केलेल्या रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटचा आराखडा मांडला. भर गर्दीत एकाच माध्यमावर आळीपाळीने बोलायचं कसं, हा प्रश्न तेव्हा वायरलाही होता. वायरने तो स्विच लावून सोडवला. वायफाय अजून पाळी येण्याची वाट बघतं. साधी कॅट ५ई वायर शंभर मीटरपर्यंत गिगाबिट नेते. तिला लोखंडी कपाटाचं, शेजाऱ्याच्या राउटरचं सोयरसुतक नसतं.

वायर नको असते ती दिसते म्हणून. त्यात चूक घरमालकाची कमी, बिल्डरची जास्त. टीव्हीसाठी, एसीसाठी भिंतीतून नळी काढून देणारा बिल्डर खोल्यांमध्ये नेटवर्कसाठी पाऊण इंची नळी काढून देत नाही. नव्या घराच्या बुकिंगच्या वेळी ती मागावी. जुन्या घरात स्कर्टिंगवरून पट्टीत घालून नेलेली वायर आठवडाभरात डोळ्यांना दिसेनाशी होते.

आणि हे दोन्ही नको असेल तर डबा हलवा. डेस्कटॉप जागचा हलत नाही, राउटरला मात्र दाराच्या चौकटीवरच बसायचं असं काही बंधन नाही. तिथे तो बसतो, कारण फायबर तिथून आत येते आणि लावणाऱ्याला पुढच्या घरी जायचं असतं. पुढच्या वेळी तो आला की त्याला आधी टेबलापाशी न्या आणि डबा इथे हवा म्हणून सांगा. ‘‘साहेब, वायर कमी पडेल,’’ असं तो म्हणेल. त्याच्या बॅगेत अख्खं भेंडोळं असतं.