आभाळाची वही

वैशाख महिना असावा, दुपारच्या उन्हाने अंग भाजून निघालेले असावे, आणि तिसऱ्या प्रहरी डोंगरामागून एखाद्या पांढऱ्याशुभ्र ढगाने हळूच डोके वर काढावे. पाहता पाहता त्याचा मनोरा व्हावा, पायथा काळवंडावा आणि माथा लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरावा. आपल्या पठारावर हे दृश्य दर उन्हाळ्यात दिसते. परंतु मान वर करून ते पाहणारे किती?

एके काळी मीही पाहत नसे. ज्या प्रसंगाने मला आभाळाकडे पाहावयास लावले, तो सांगणे माझे कर्तव्य आहे.

गोष्ट सुमारे 30 वर्षांपूर्वीची. मी शिक्षकीत नवखा होतो. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर आम्ही मुलांना घेऊन शाळेजवळच्या टेकडीवर वनभोजनास गेलो होतो. हवामान कोरडे राहील, असे मी सकाळीच वर्तमानपत्रात वाचले होते. जेवणे चालू असताना एका मेंढपाळाचा मुलगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, त्या ढगाचा माथा पसरलाय. त्यात वीज असणार. खाली उतरूया." मी हसून म्हणालो, "अरे, पेपरात तसे काही नाही."

अर्ध्या तासात वारा फिरला, गार झाला, धुळीचे लोट उठले आणि मेघगर्जना होऊ लागली. आम्ही धावतच खाली उतरलो. पायथ्याशी आंब्याचे मोठे झाड होते. त्याखाली थांबा, असे मी मुलांना सांगू लागलो, तोच "झाडाखाली नको!" असे ओरडत तो मुलगा पुढे पळाला आणि माझे न ऐकता सारी मुले त्याच्यामागे धावली. आम्ही शाळेच्या खोल्यांत शिरतो न शिरतो तोच डोळे दिपविणारा लखलखाट झाला. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर त्या आंब्याचे खोड वरपासून खालपर्यंत चिरले होते.

वर्तमानपत्रातील अंदाज खोटा नव्हता. त्या दिवशी आसपासची कित्येक गावे कोरडीच राहिली होती. चूक माझी होती. डोक्यावरचे आभाळ सोडून मी कागदावरचे आभाळ पाहत बसलो होतो.

आज कोणी म्हणेल, "आता उपग्रह आहेत, रडार आहेत. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेले 'दामिनी' अ‍ॅप विजेची सूचना देते. मग मुलांनी ढग कशाला पाहावेत?" ही साधने अमोल आहेत. त्यांची सूचना न मानणे हा शुद्ध अविचार होय. परंतु वळवाचा ढग अनेकदा काही किलोमीटरांचाच असतो आणि तासाभरात उमलून विरतो. एका गावाला भिजवतो आणि शेजारच्या गावाला तहानलेले ठेवतो. रानात असताना आसरा केव्हा शोधावा, हे शेवटी आपल्याच डोळ्यांनी व कानांनी ठरवावे लागते. वीज चमकताच सेकंद मोजू लागावे. आवाजाला एक किलोमीटर येण्यास सुमारे 3 सेकंद लागतात. 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज 10 किलोमीटरांच्या आत आहे असे समजून तत्काळ पक्क्या घरात जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. एवढे ज्ञान प्रत्येक मुलापाशी असलेच पाहिजे.

पाहण्याइतकेच लिहून ठेवणेही महत्त्वाचे आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असताना कधी कधी समोरच्या धुक्यात संपूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते व त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली दिसते. याला 'इंद्रवज्र' म्हणतात. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेल्या व 1835 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या दृश्याचे वर्णन केले आहे. त्या परिसरातील गुराख्यांनी ते त्याच्याही आधी पाहिले असेल. पण साइक्सने ते लिहून ठेवले, म्हणून ते आजही आपल्याला वाचावयास मिळते.

म्हणून माझे असे आग्रहाचे सांगणे आहे, की प्रत्येक विद्यार्थ्यापाशी एक 'आभाळाची वही' असावी. तिला खर्च जवळजवळ नाही. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा झाडाभिंतींपासून दूर उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी पट्टीने मोजावे. आपल्या हवामान खात्याचीही पाऊस मोजण्याची वेळ हीच आहे. ढग कसे होते, वारा कोणत्या दिशेचा होता, आज काय होईल असे वाटते, हे दोन ओळींत लिहावे. आणि संध्याकाळी प्रत्यक्ष काय झाले तेही लिहावे.

या वहीने जुन्या समजुतीही पारखता येतात. चंद्राचे खळे जवळ असेल तर पाऊस दूर आणि खळे दूर असेल तर पाऊस जवळ, असे म्हातारी माणसे सांगतात. खरे पाहता ही दोन निरनिराळी वलये आहेत. चंद्राला बिलगलेले लहान रंगीत वलय बहुधा पातळ ढगांतील जलकणांमुळे पडते. मोठे खळे फार उंचावरच्या हिमकणांमुळे पडते. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढे अंतर, साधारण तेवढ्यावर ते चंद्राभोवती दिसते. मग म्हातारी माणसे म्हणतात तसा पाऊस येतो का? खळे दिसले की तारीख लिहा, पुढचे दोन दिवस पाहा आणि वर्षाअखेर हिशेब मांडा.

या हिशेबात तुमची कित्येक अनुमाने चुकतील. ती खोडू नका. मी वही ठेवू लागलो, तेव्हा पहिल्या पावसाळ्यात माझे निम्मे अंदाज चुकले होते. मुलांना ती पाने दाखविताना आरंभी संकोच वाटे; पुढे तीच पाने मी आवर्जून दाखवू लागलो. आपली चूक स्वतःच्या हस्ताक्षरात वाचण्याची सवय ज्याला लागली, तो दुसऱ्याचे म्हणणे हसून उडवून लावीत नाही, मग ते मेंढपाळाच्या मुलाचे का असेना.

मळभ, झाकोळ, उघडीप, शिरवे, झड, भुरभूर असे किती शब्द आपल्या पूर्वजांनी आभाळाकडे पाहून घडविले! आपण पाहणेच सोडले, तर हे शब्दही आपल्याला सोडून जातील. मुलांनो, उद्या सकाळी अंगणात या, वर पाहा आणि आपल्या वहीचे पहिले पान लिहा.