साहेबांचे मार्क कोण मोजणार?

2025 च्या जानेवारीत राज्य सरकारनं कार्यालयांसाठी 100 दिवसांचा कार्यक्रम काढला. वेबसाइट, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रभेटी... सगळ्याला मार्क. साहेबांचीही परीक्षा होते, हे बरंच झालं.

पण सातबाऱ्याच्या फेरफारासाठी तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) चार चकरा मारणाऱ्याची चौथी चक्कर कुठल्या रकान्यात धरली? तक्रार 'निकाली' म्हणजे बऱ्याचदा नुसती दुसऱ्या टेबलावर गेलेली असते. कागदोपत्री काम फत्ते!

मोजपट्टी तर 2015 पासून घरात आहे, लोकसेवा हक्क कायदा. अर्जाची पोच घ्यायची, सेवेला मुदत ठरलेली. मुदत हुकली तर अपील, आणि सबळ कारण नसेल तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. मग मुदतीत किती अर्ज निघाले, किती 'त्रुटी' काढून परत पाठवले, हा आकडा लावा ना दारावर. रंगरंगोटी नंतर बघू.

आपल्या तालुक्यात पोच न देता अर्ज ठेवून घेतात का? खातं आणि तारीख कमेंटमध्ये टाका, कुणाचं नाव नको. माहिती अधिकारात अर्ज मी टाकतो.