कोळंबी मासा आहे का?

कोकणातल्या शाफई घरांत कोळंबीचा पुलाव बिनदिक्कत शिजतो. देशावरच्या काही हनफी घरांत मात्र ‘झिंगा मासा आहे का?’ हा प्रश्न दस्तरखानावर येतो. कारण हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी मासाच हलाल. हाच प्रश्न मुले आम्हाला विज्ञानाच्या तासाला विचारतात.

जीवशास्त्राचे उत्तर सरळ आहे : नाही. माशाला पाठीचा कणा असतो. कोळंबीला कणा नाही. तिला बाहेरून कवच आणि सांध्यांचे पाय असतात. ती खेकड्याच्या गटातली. डीएनए जुळवून पाहिले, तर ती माशापेक्षा झुरळाला जवळची ठरते.

मात्र 14व्या शतकातल्या अल-दमीरी यांनी ‘हयातुल हयवान’मध्ये तिला लहान मासाच म्हटले आहे. अरबी भाषेतल्या या अर्थावरून अनेक हनफी उलेमा ती हलाल मानतात. काही मानत नाहीत.

जीवशास्त्र वंशाचे नाते शोधते, फिकह शब्दाचा रूढ अर्थ पाहते. म्हणून मुलांनी उत्तरपत्रिकेत ‘संधिपाद’ लिहावे; ताटाचा मसला आपल्या आलिमांना विचारावा. आणि शेजाऱ्याच्या हंडीवरून वाद घालू नये, एवढेच आमचे सांगणे.