श्रमाचे भांडवल कोणाच्या खाती?

वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे आमच्या हिंगोली जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला भागभांडवल म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. पैसे भरून भाग घ्यावा लागतो, हे तो जाणतो. म्हणूनच एका जुन्या सहकाऱ्याने परवा विचारलेला प्रश्न मला मोलाचा वाटला. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीस आहे. कंपनी त्याला पगाराखेरीज ‘स्टॉक ऑप्शन’ देते, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. ‘सर, यात कंपनीचे भांडवल वाढते ते कोणाच्या पैशाने?’

उत्तर हिशेबाच्या वहीतच आहे. समजा, ठरलेला भाव १०० रुपये, शेअरची दर्शनी किंमत १० रुपये आणि या हक्काचे मूल्य ४० रुपये. मुदत पुरी होईपर्यंत हे ४० रुपये कर्मचाऱ्यांवरील खर्च म्हणून नफ्यातून वजा होत जातात; परंतु तिजोरीतून एक पैसाही बाहेर जात नाही. तेवढीच रक्कम भागधारकांच्या निधीत वेगळ्या खात्यावर जमा होते. पुढे मुलाने १०० रुपये भरले की एकूण १४० होतात; पैकी १० वसूल भागभांडवलात आणि १३० अधिमूल्यात. शंभर त्याने रोखीने भरले, चाळीस श्रमाने! श्रमातून भांडवल निर्माण होते, हे आपण व्यासपीठावरून सांगत आलो. येथे ते कंपनीचा ताळेबंदच मान्य करतो.

ही मान्यता सुखासुखी मिळालेली नाही. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसने १९९४ मध्ये कर्मचाऱ्यांना असे भाग देऊ केले. सेबीची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये आली. तरीही ठरलेला भाव बाजारभावाइतका ठेवून खर्च शून्य दाखविण्याची वाट कंपन्यांना पुष्कळ वर्षे मोकळी होती. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या लेखामानकांनी ती मोठ्या कंपन्यांपुरती बंद केली.

पण खरी मेख पुढेच आहे. मुदत पुरी झाली आणि बाजारभाव ८० वर घसरला, तर शहाणा माणूस १०० रुपये भरणार नाही. हक्क बुडतो. मात्र ते ४० रुपये खर्चातून मागे फिरत नाहीत. ते भागधारकांच्या निधीतच राहतात, फार तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. श्रम दिला मुलाने, निधी राहिला इतरांचा. शिवाय त्याचा पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीच्या दैवाला बांधलेली. कंपनी बुडाली तर दोन्ही एकदमच जाणार.

आणि हा हक्क तरी कितीजणांना? कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांतील कर्मचाऱ्याची व्याख्या ‘कायम’ या शब्दापासून सुरू होते. त्याच इमारतीत कंत्राटावर झाडू मारणाऱ्या बाईचे श्रम केवळ खर्चाच्या रकान्यात जातात, भांडवलाच्या नव्हे. कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या मजुराचेही तेच.

कामगार संघटनांनी या योजनांना नुसते नाक मुरडू नये. मुदत पूर्ण होऊन बुडालेल्या हक्कांपोटी किती रक्कम निधीत राहिली, हे त्यांनी दरवर्षी कंपनीला विचारावे आणि तिचा काही वाटा कंत्राटी कामगारांसह सर्वांच्या कल्याण निधीत मागावा.